लोअर परळ: मोकळी जागा कुठाय?

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीचं काम काढलं. पंधरा दिवस पॅन्ट्री बंद. 'तोवर आपापली सोय बघा' अशी गोड मेल एचआरकडून आली.

लोअर परळमध्ये आपापली सोय म्हणजे काय, हे तिथे नोकरी करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. खाली फूड कोर्ट आहे, समोर दोन कॅफे आहेत. पैसे काढले की खुर्ची मिळते, एसीही मिळतो. माझा प्रॉब्लेम वेगळा होता. माझ्याकडे डबा होता. तीन पोळ्या, भेंडीची भाजी आणि आईने कोंबलेलं लोणचं. मला फक्त टेकायला जागा हवी होती. बास.

पहिल्या दिवशी आमच्याच कंपाउंडमधल्या कारंज्याच्या कठड्यावर बसले. झाकण उघडायच्या आत सिक्युरिटी हजर. "मॅडम, इधर बैठना अलाऊड नहीं है." कठडा बरोबर बसायच्या उंचीचा होता, म्हणून म्हटलं. असो. दुसऱ्या दिवशी एका लॉबीबाहेरच्या पायऱ्या. तिथेही तेच. तिसऱ्या दिवशी डबा पिशवीत टाकला आणि सरळ चालत सुटले. म्हटलं, बघू तरी, एवढ्या मोठ्या लोअर परळमध्ये फुकट बसायला जागा आहे कुठे!

तुम्हीही कधीतरी चालून बघा. आपण इथे रोज येतो, पण स्टेशन ते ऑफिस आणि ऑफिस ते स्टेशन. तेही मान खाली घालून, फोनमध्ये. मान वर केली की आधी पाट्या दिसतात. कमला मिल, मथुरादास मिल, तोडी मिल, रघुवंशी मिल. "अगं, मी मिलमध्ये आहे, दहा मिनिटांत निघते," असं आपण फोनवर बिनधास्त सांगतो आणि यात काही गंमत आहे असं कुणालाच वाटत नाही. फिनिक्समधली चिमणी अजून उभी आहे. तिच्या आसपास सेल लागतात, ख्रिसमस लागतो, लोक सेल्फी काढतात. चिमणी गुपचूप उभी.

मला गिरणगाव म्हणजे संप, एवढंच माहीत होतं. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंत, अडीच लाखांच्या घरात कामगार. शाळेत निबंध लिहिला होता. पण माझ्या डब्याचा निकाल त्या संपात लागला नव्हता. तो लागला नंतरच्या एका वादात. त्या वादाबद्दल मी डबा घेऊन वणवण करेपर्यंत धड वाचलंही नव्हतं.

वाद होता जमिनीचा. मुंबईच्या ऐन मध्यावर गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन. आता तिचं करायचं काय? १९९१ च्या नियमाने ढोबळ मानाने तीन वाटे ठरवले होते. गिरणीच्या जागेचा विकास करायचा तर एक वाटा पालिकेला, बागा-मैदानांसाठी. एक म्हाडाला, घरांसाठी. उरलेला मालकाचा. ऐकायला झकास. पण मालक म्हणाले, एवढं देऊन आम्हाला राहतं काय? बऱ्याच जणांनी वाटणीच्या वाटेलाच न जाता जुन्या शेडमध्ये आतल्या आत दुरुस्त्या करून ऑफिसं आणि दुकानं थाटली. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये सांगून पाहिलं, की हे तुकडे सुटे सुटे विकू नका, एकत्र धरा, रस्ते आणि मैदानं आधी आखा, मग बांधा. अहवाल आला आणि राहिला.

मग २००१ मध्ये नियम बदलला. तो सगळा बदल एका शब्दावर बेतलेला आहे. वाटणी करायची ती फक्त 'मोकळ्या' जमिनीची! आता मला सांगा, गिरणीत मोकळी जमीन असते किती? गिरणी म्हणजे शेडच शेड. आणि शेड पाडून जी जागा मोकळी होईल, ती या हिशेबात मोकळी नाही. डोळ्यांना मोकळी दिसते, पण कागदावर नाही. मला हे तीनदा वाचावं लागलं. मग मला तो कठडा आठवला.

यावर शहर भांडलं. कामगार संघटना, पर्यावरणवाले, आर्किटेक्ट, बिल्डर, पेपरमधली पत्रं. प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर २००५ मध्ये हायकोर्टाने वाटणी सगळ्या जमिनीची असं म्हटलं. मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं आणि २००१ चा नियम कायम केला. ६०० एकरांचा तिसरा हिस्सा म्हणजे २०० एकर. तेवढी हिरवळ या भागात कुठे दिसली तर मला कळवा, डबा घेऊन येते.

दुसरी बाजू नाही असं नाही. बंद गिरण्यांच्या जमिनी विकूनच अनेक कामगारांची थकलेली देणी देता येणार होती. अडकलेल्या जमिनीला पाय फुटल्याशिवाय कुणाच्याच हाती काही लागलं नसतं, हा मुद्दा खोटा नाही. आणि मी कोण बोलणारी? माझा पगार याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या डब्यातून निघतो. इथे शेडच राहिल्या असत्या तर मी बदलापूरहून इथे कशाला येत होते?

बदलापूरवरून आठवलं. गिरणी कामगार बहुतेक चालत कामावर यायचा. चाळ इथे, गिरणी तिथे, पाळीचा भोंगा झाला की निघायचं. तीन पाळ्यांत माणसं विभागलेली. आता आपण सगळे येतो लोकलने, आणि सगळे एकाच वेळी, साडेनऊ ते साडेदहाच्या मध्ये. जमीन बदलली, टॉवर आले, स्टेशनांचे जिने तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस होता. एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यात २३ माणसं चेंगरून गेली. मग लष्कराला बोलावून पूल बांधले, त्यातला एक आमच्या करी रोडला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलमध्ये रूफटॉप पबला आग लागली, १४ जण गेले. वादात 'विकास कुणासाठी' असं विचारायची पद्धत आहे. उत्तर बहुधा 'ऑफिसवाल्यांसाठी' असं गृहीत धरलेलं असतं. त्या जिन्यात कामावर निघालेली माणसंही होती.

तर मी चालत होते. ना. म. जोशी मार्गाच्या मागे एका जुन्या चाळीच्या तोंडाशी मारुतीचं छोटं देऊळ आहे. त्याच्या बाहेर सिमेंटचा बाक. पाठीवर कुणा नगरसेवकाचं अर्धं उडालेलं नाव. बाकावर एक सत्तरीतले काका पेपर वाचत होते. मी घुटमळले. त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं, पेपर घडी केला आणि सरकले.

"बस की पोरी. डबाच खायचाय ना?"

लोणचं त्यांना दिलं. ते त्यांनी बोटाने चाटूनपुसून खाल्लं. काका साचे चालवायचे. संपात गावी गेले, दोन वर्षांनी परत आले. गिरणी काही परत सुरू झाली नाही. मग पडेल ते केलं आणि शेवटची बारा वर्षं एका टॉवरला वॉचमन होते. टॉवर कुठला? त्यांच्याच गिरणीच्या जागेवरचा. मी कारंज्याची गोष्ट सांगितली तर हसले. "मी बी उठवायचो लोकांना. ड्युटी असते ती. त्याच्यावर राग धरू नको."

म्हाडाची गिरणी कामगारांसाठीची पहिली सोडत २०१२ ला निघाली. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास आणि घरं काही हजार. काकांचा अर्ज त्या ढिगात आहे. मुलगा, सून, दोन नातवंडं, सगळे एका खोलीत. "आता शेलू-वांगणीला देतो म्हणतात," ते म्हणाले. त्याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात मोर्चा होता, तिथे ते गुडघा बांधून गेले होते. शेलू-वांगणी म्हणजे बदलापूरच्याही पुढे. माझ्या स्टेशनवर गर्दी असली की आम्ही ज्या गाड्यांना शिव्या घालतो, त्या कर्जतवरून येणाऱ्या गाड्यांच्या वाटेवर.

"तू कुठनं येतेस?"

"बदलापूर."

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "किती वेळ लागतो गं?"

"दीड तास. गाडी वेळेवर असली तर."

"आणि बसायला मिळतं?"

मी काय सांगणार! सकाळच्या गाडीत बदलापूरला बसायला मिळवायचं तर उलट्या दिशेने आधी कर्जतकडे जावं लागतं, हे त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही धा मिनिटांत पोचायचो. चालत."

दोन वाजायला आले होते. अडीचची मीटिंग होती. डबा बंद केला, नळावर हात धुतले. पॅन्ट्री सुरू व्हायला अजून आठ दिवस होते, म्हणून विचारलं, "काका, उद्या आले तर चालेल?"

"ये की. पण आत्ता येतेस तशी येऊ नको, ऊन लागतं. दोनला ये." त्यांनी मान वर करून समोर बोट दाखवलं. "तेव्हा त्या टॉवरची सावली हितवर येते."