तंजावरच्या गल्लीबोळांतून

तंजावरला येणारे बहुतेक जण बृहदीश्वराचं देऊळ बघतात आणि बस पकडतात. मी भर उन्हात दक्षिण राजवीथीकडे वळलो. इथे फणसाच्या लाकडातून वीणा घडवतात. पुढे अरुंद बोळ, दारात कोलम, ओसरीला लाकडी खांब. व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत इथे भोसल्यांची गादी होती. सरफोजीराजांनी कोरवलेला मराठी शिलालेख देवळात आजही आहे. पण मला राजांपेक्षा त्यांच्या मागोमाग आलेल्या कारकुनांचं, आचाऱ्यांचं, कीर्तनकारांचं कुतूहल जास्त. दक्षिणेतल्या हरिकथेत मराठी कीर्तनाचा रंग उतरला, तो दरबाराइतकाच अशा ओसऱ्यांवर रात्र रात्र बसून ऐकणाऱ्यांमुळेही उतरला असणार. शिलालेखात त्यांची नावं कशी सापडतील? त्यांच्यासाठी बोळच पालथे घालायला हवेत.