जुडग्यातला चाकू

वर्षभर किल्ल्यांच्या जुडग्यात एक घडीचा चाकू वापरतोय. व्हिक्टोरिनॉक्सचा, मिटल्यावर 58 मिलिमीटर, वजन जेमतेम 21 ग्रॅम. शाळेत पेन्सिलींना टोक काढतो, गठ्ठ्यांची सुतळी कापतो, मधल्या सुट्टीत पेरू चिरतो. मुलांच्या हातात रुतलेली कुसळं त्याच्याच चिमट्याने काढली. दोष एकच, पात्याला लॉक नाही. जोर लावला तर बोटावर मिटतं. हलक्या कामाला मात्र याहून चांगला चाकू मी पाहिला नाही.

तरी प्रवासात तो घरीच ठेवतो. शस्त्रांच्या नियमांत 9 इंचांहून लांब पात्याचे चाकू येतात, माझं पातं दीड इंचही नाही. पण मागे एका रेल्वे स्थानकावर तपासणीत जुडगा दिसला. नाव विचारलं, मग सगळी बॅग रिकामी करायला लावली. सोबतच्या सरांकडेही तसाच चाकू होता. आम्ही दोघांनी एकाच दिवशी घेतलेला. त्यांना "आत ठेवा सर" एवढंच म्हणाले. गाडीत आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही.

परवा निघताना धाकटीने विचारलं, "अब्बा, चाकू विसरलात?"

"गावाला चाललोय ना बेटा," एवढंच म्हणालो. ती सातवीत आहे. पुढचं अजून सांगितलेलं नाही.