लाईन क्लिअर

थायलंडच्या सहलीचं मी एक्सेल शीट केलं होतं. तीन टॅब, हॉटेलांची बुकिंग, मेट्रोची स्टेशनं, झालंच तर 'आईचे गुडघे' असा एक वेगळा कॉलम. (बायको याला आजार म्हणते, मी प्लॅनिंग म्हणतो.) त्या शीटमध्ये चिआंग माय हा शब्द कुठेच नव्हता.

तर झालं असं, की शनिवारी भर दुपारी आम्ही बँकॉकच्या चातुचाक बाजारात गेलो. आई, बाबा, बायको, आमची नऊ वर्षांची चिनू आणि मी. अर्ध्या तासात सगळे घामाने निथळायला लागले. मेट्रोने एकच स्टेशन पुढे मोठं रेल्वे स्टेशन आहे, तिथे एसी असणार, बसायला जागा असणार, एवढ्याच हिशोबाने तिकडे गेलो. नाव क्रुंग थेप अफिवात. 1916 सालच्या हुआ लाम्पोंग स्टेशनवरच्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी 2023 मध्ये इथे हलवल्या. स्टेशन कसलं, विमानतळच तो. चकाचक फरशी, आणि शिंगदाणेवाला एकही नाही.

बाबा खुर्चीत बसून बोर्डकडे बघत होते. सहलीचे पहिले दोन दिवस ते फारसं काही बोललेच नव्हते. राजवाडा बघितला, बरं. बोटीत बसवलं, बरं. अचानक म्हणाले, "इथलं गेज काय रे?"

मी फोनवर बघितलं. मीटरगेज, एक हजार मिलिमीटर.

बाबा उठून उभे राहिले.

हे कळायला थोडं मागे जावं लागेल. बाबा स्टेशन मास्तर होते. नोकरीची बरीच वर्षं अकोला-पूर्णा मार्गावर गेली. वाशीम, हिंगोली, वसमत. आमचं बालपण रेल्वे क्वार्टर्समध्ये, मीटरगेजच्या गाड्यांच्या आवाजावर गेलं. 2008 मध्ये त्या मार्गाचं ब्रॉडगेज झालं. प्रगती झाली हे त्यांना मान्य होतं, पण नंतर त्या मार्गाने जायचा विषय निघाला की ते एसटी बरी म्हणायचे.

"रात्रीची गाडी असेल ना कुठली?" बाबांनी विचारलं. विचारलं म्हणजे काय, ते खिडकीकडे चालायलाच लागले होते.

नव्या चिनी डब्यांची गाडी (ते डबे 2016 मध्ये आले) फुल्ल होती. रात्री आठच्या पुढे सुटणाऱ्या जुन्या डब्यांच्या गाडीत मात्र पाच बर्थ मिळाले, तीन खालचे, दोन वरचे. चिआंग माय, 751 किलोमीटर. हॉटेलचे पैसे भरलेले होते, ते बुडीत खाती टाकले. मी मेट्रोने परत जाऊन एका सॅकमध्ये औषधं, शाल आणि चिनूचा स्वेटर घेऊन आलो. एक्सेल शीट उघडलंसुद्धा नाही. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

तिथला स्लीपर म्हणजे अख्खा डबा साइड बर्थचाच. मधून वाट, दोन्ही बाजूंना समोरासमोर खुर्च्या. रात्री अटेंडंट येतो, खुर्च्या ओढून खालचा बर्थ करतो, वरचा खाली पाडतो, गादी-चादर घालून पडदा लावतो. एका बर्थला दोन-तीन मिनिटं. चिनू त्याच्या मागे मागे अख्खा डबा फिरून आली. बाबा त्याचं काम बघत "शाब्बास" म्हणत होते, मराठीत. तोही हसून मान डोलवत होता. आईने वाटेच्या पलीकडचा, बाबांच्या बरोबर समोरचा खालचा बर्थच पाहिजे म्हणून हट्ट धरला. मला वाटलं गुडघे.

मध्यरात्र उलटल्यावर जाग आली. गाडी उभी होती. सवयीने खाली वाकून बघितलं तर बाबांचा पडदा उघडा, बर्थ रिकामा. टॉयलेटमध्ये नाहीत. दाराशी नाहीत. मग दारातून बाहेर बघितलं.

फित्सानुलोक स्टेशन. रिकामा फलाट. गणवेशातला तिथला रेल्वेवाला हातात दिवा घेऊन उभा, आणि त्याच्या शेजारी, हात मागे बांधून, बाबा. पायात चप्पल नाही. पासपोर्ट माझ्या सॅकमध्ये.

मी उडी मारली. "बाबा, चला, गाडी सुटतेय."

"तू चढ," ते शांतपणे म्हणाले. "मी गाडी पास करून येतो. लाईन क्लिअर यायचीय अजून."

माझ्या पोटात जे काही झालं ते मला लिहिता येणार नाही. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला, ड्यूटीवर असताना मुलगा मध्ये लुडबुडला की सोडवायचे तसा. तो रेल्वेवाला आमच्याकडे बघत होता. त्याला मराठी कळणं शक्यच नाही. पण त्याने बाबांना छातीशी हात जोडून नमस्कार केला, दिव्याने डब्याचं दार दाखवलं आणि दुसऱ्या बाजूने त्यांचा दंड धरला. बाबा लगेच निघाले. दारात वळून त्यांनी हात वर केला. मग गाडी हलली.

आत आई पडदा सरकवून बसलेली होती. ती "कुठे होते" म्हणाली नाही. "सापडले?" म्हणाली.

बाबा पाच मिनिटांत झोपले. आई कुजबुजत बोलत राहिली. गणपतीपासून चालू आहे. घरी दोनदा रात्री दार उघडून निघाले होते, एकदा कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने आणून सोडलं. तेव्हापासून ती कुलपाची किल्ली उशीखाली घेऊन झोपते. झोपते म्हणजे पडते. "सकाळी ह्यांना काही आठवत नाही रे. आज गाडीच्या झोक्याने माझा डोळा लागला बघ."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं ते रिलीज चालू होतं ना."

यावर काय बोलणार. दर रविवारी फोनवर मी "सगळं ठीक ना?" विचारायचो आणि ती "ठीक" म्हणायची, की आमची मीटिंग संपली.

सकाळी बाबा एकदम फ्रेश. बाहेर डोंगर, झाडी, धुकं. खुन तान बोगदा आला: 1,352 मीटर, 1918 मध्ये पुरा झालेला. पलीकडे थायलंडमधलं सगळ्यात उंचावरचं स्टेशन, 578 मीटर. हा बोगदा ज्याच्या देखरेखीखाली झाला तो जर्मन इंजिनिअर एमिल आयझेनहोफर तिथेच चिरविश्रांती घेतोय. मी फोनवरून वाचून दाखवत होतो. हा उत्तरेचा मार्ग आधी स्टँडर्ड गेजचा, म्हणजे 1435 मिलिमीटरचा होता आणि नंतर दक्षिणेकडच्या मार्गाशी जुळावा म्हणून मीटरगेज केला, हे वाचल्यावर बाबा खदखदून हसले.

"म्हणजे ह्यांनी रुंदाचं अरुंद केलं! चिने, बघ, जगात असंही होतं!" मग लाईन क्लिअर म्हणजे काय, टोकनचा गोळा यंत्रातून कसा निघतो, तो ड्रायव्हरला दिल्याशिवाय गाडी का हलत नाही, हे सगळं तिला सांगितलं. एकही शब्द अडखळला नाही. आई खिडकीबाहेर बघत होती.

चिआंग माय छान आहे. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक, खाओ सोई नावाचं नारळाच्या दुधातल्या रश्श्यातलं नूडल्सचं प्रकरण (आईने चक्क दोनदा घेतलं). त्याबद्दल पुन्हा कधीतरी. दुपारी हॉटेलच्या पायरीवर बसून मी पुण्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली आणि ऑफिसला रजा वाढवायची मेल टाकली.

परतीला विमानाची तिकिटं मिळत होती. बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. आम्ही पुन्हा गाडीनेच आलो. या वेळी बाबांच्या समोरचा बर्थ मी घेतला आणि आईला चार बर्थ पलीकडे, बायकोच्या खाली पाठवलं. ती नको नको म्हणत गेली. दहा मिनिटांत तिच्या घोरण्याचा आवाज यायला लागला.

मध्यरात्रीच्या आसपास गाडी थांबली. बाबा उठून बसले, पडदा बाजूला केला. मी पलीकडे बसलेलोच होतो.

"लाईन क्लिअर आली का हो?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीतून वाकून पुढे बघितलं. "आली. झोप तू."