सुरसागरातला देवमासा

बडोद्याला पहिल्यांदा आलेला पाहुणा लक्ष्मीविलास राजवाड्यासमोर उभा राहिला की हमखास विचारतो, ही इमारत नेमकी कुठल्या पद्धतीची? उत्तर सोपं नाही. एकीकडे देवळासारखं शिखर, दुसरीकडे घुमट, मध्येच युरोपातला वाटावा असा मनोरा, आणि दरबार हॉलच्या खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच. मेजर चार्ल्स मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या पश्चात रॉबर्ट चिझम यांनी काम पुढे नेलं, १८९० मध्ये राजवाडा पुरा झाला. कुणी याला खिचडी म्हणतं. मला तो कात्री आणि डिंक घेऊन जमवलेल्या चित्रासारखा वाटतो, फक्त सांधे दिसत नाहीत.

हे सुचायचं कारण माझी भाची. ती पुण्याला इंजिनीअरिंग शिकते आणि फावल्या वेळात वेगवेगळ्या फोटोंचे तुकडे जोडून स्वप्नात दिसावीत तशी चित्रं करते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे आली ती लॅपटॉप घेऊनच. तिला म्हटलं, या कामाला बडोद्याइतकं सोयीचं गाव नाही. चल, फिरू या.

पहिला दिवस सुरसागरावर. सकाळी सातच्या सुमाराला, कारण तेव्हा पाणी स्थिर असतं आणि ऊन तिरपं. मधोमध शंकराची उंच मूर्ती, काठावर संगीत महाविद्यालय, जवळच न्यायमंदिर. तिने तळ्याचे पुष्कळ फोटो काढले, पण मूर्ती मुद्दाम टाळून नुसतं मोकळं पाणी घेतलं. मला वाटलं, हिला कळत नाही काय घ्यायचं ते. नंतर समजलं, तिला रिकामी जागा हवी होती.

दुसरा मुक्काम कमाटी बागेतलं म्युझियम. इथे मोठ्या देवमाशाचा सांगाडा आहे, निळ्या देवमाशाचा, ७० फुटांच्या आसपास लांब. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी हा मासा वाहून आला होता. आमच्या लहानपणी शाळेची सहल म्हणजे हा सांगाडा आणि नंतर बागेत पुरी-भाजी, एवढंच. बडोद्याच्या मुलांना त्याचं काही वाटेनासं झालंय. भाची मात्र त्याच्यासमोर अर्धा तास उभी होती. परवानगी विचारून तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोटो घेतले.

तिसरा फोटो घरातलाच. माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या पायरीवर बसलेले, डोक्याला काळी टोपी. साल १९६८. वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे. आजोबा गेले तेव्हा भाचीचा जन्मही झाला नव्हता.

जोडकामाला तिने गिंप नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम वापरला. फोटो एकमेकांवर ट्रेसिंग कागदासारखे ठेवायचे, हे 'लेयर'. वरच्या फोटोतला नको तो भाग झाकायचा, हा 'मास्क'. खोडायचं नाही, झाकायचं, म्हणजे चूक झाली तर परत उघडता येतं. एवढं तर कुणालाही तासाभरात जमेल. कस लागतो तो पुढे. पहिल्या खटपटीत आजोबा राक्षसाएवढे दिसत होते, आणि नुसतं लहान करूनही काही केल्या पाण्यावर बसेनात. कारण साधं होतं. जुना फोटो कुणीतरी उभ्याने काढलेला, म्हणजे क्षितिज आजोबांच्या डोक्याच्या वर. तिने मात्र तळ्याची क्षितिजरेषा त्यांच्या कमरेशी आणली होती. ती रेषा वर नेली आणि माणूस आपोआप जागेवर बसला.

मग उजेड. तळ्यावर ऊन डावीकडून, म्युझियममध्ये वरून. सांगाड्याच्या उजव्या बाजूच्या फासळ्या तिने हळूहळू गडद केल्या, पाण्यात उलटं प्रतिबिंब टाकून ते जरासं हलवलं. शेवटी सगळंच चित्र कृष्णधवल केलं आणि नव्या फोटोंवर जुन्या फिल्मसारखे दाणे पेरले. रंग जुळवत बसण्यापेक्षा हा शहाणपणा मला पटला.

मध्येच तिला वाटलं, वाड्याच्या पायरीशी एक मगर घालावी. मी म्हटलं, बाई, ते सोडून बोल. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या लोकांच्या सोसायट्यांत शिरल्या होत्या. तेव्हा खरे फोटोही खोटे वाटत होते. बडोद्यात पायरीवरची मगर हे स्वप्न नव्हे, बातमी आहे. ते चित्र फोनवरून फिरत गेलं तर एकटं राहणारं एखादं म्हातारं माणूस घाबरून बसेल. तळ्यातल्या देवमाशाच्या सांगाड्यावर कोण विश्वास ठेवणार?

हा फरक आमच्या घरात थोडा चटका लावून गेला होता. गेल्या हिवाळ्यात मोठ्या भाच्याचं लग्न झालं. कुणीतरी हौसेने स्टुडिओतून ग्रुप फोटोत आजोबांना उभं करून आणलं. काम सफाईदार होतं. माझी आई सत्त्याऐंशीची, अलीकडे तिला नीट आठवत नाही. ती फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे आले होते? मग मला कसे भेटले नाहीत?" त्या दिवशी ती जेवली नाही. फोटो आणणाऱ्याची माया खोटी नव्हती, पण गेलेल्या माणसाला न घडलेल्या प्रसंगात असं उभं करू नये, असं माझं ठाम मत झालं. भाचीनेही तसाच एक फोटो आजीला करून द्यायचं कबूल केलं होतं. तो तिने केला नाही.

गेलेल्यांना चित्रात आणूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. बडोद्याच्या ललित कला शाखेत शिकलेले विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये 'रीटेक ऑफ अमृता' ही मालिका केली. आजोबा उमराव सिंग शेरगिल यांनी काढलेले घरातले जुने फोटो संगणकावर जोडून वेगवेगळ्या सालांतली माणसं त्यांनी एका खोलीत आणली. चित्रकार अमृता शेरगिल त्यांची मावशी. ती १९४१ मध्ये गेली, विवान १९४३ चे. पण त्या चित्रांत आरसे, सावल्या, एकाच माणसाची दोन वयं अशी दिसतात की हे घडलेलं नाही हे बघणाऱ्याला लगेच उमगतं. आणि आपले दादासाहेब फाळके! तेही बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, फोटोग्राफीचे धडे त्यांनी इथेच घेतले. 'लंकादहन' (१९१७) मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोघंही रंगवले. प्रेक्षक हात जोडत होते, पण आपण खेळ बघतोय हे तिकीट काढतानाच त्यांना ठाऊक होतं.

भाचीचं चित्र आम्ही मोठ्या कागदावर छापून आणलं. सुरसागराच्या मधोमध देवमाशाच्या फासळ्या, देवळाच्या मंडपासारख्या, आणि त्यांच्याखाली पायरीसकट बसलेले आजोबा. आईच्या हातात दिलं तेव्हा आम्ही दोघी जरा धास्तावलोच होतो. तिने चष्मा लावला, पदराने कागद पुसला आणि खुदकन हसली. "यांना जन्मात पोहता आलं नाही, आणि तू नेऊन बसवलंस कुठे!"

मग ती कितीतरी वेळ बोलत होती. पूर्वी गणपती सुरसागरातच बोळवायचे. आमच्या घरचा गणपती आजोबा डोक्यावर घेऊन तळ्यापर्यंत थाटात न्यायचे, पण शेवटच्या पायरीवर आले की मूर्ती हळूच धाकट्या काकांच्या हातात द्यायचे आणि स्वतः मागे सरून मोठमोठ्याने आरती म्हणायचे. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.