पात्राचे हात

आंधळगाव कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं गाव, हे भंडारा जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण मोहाडी तालुक्यातल्या या गावावर कथा लिहायची म्हटली, की पहिलं वाक्य ठरल्यासारखं येतं: गरीब विणकर मागावर बसला होता. मला हे वाक्य सोसवत नाही. त्यात विणकर कुठेच नाही, आपली कणव तेवढी आहे.

मला आधी हात दिसायला हवेत. कोशाची अळी उघड्या रानात, ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढते. पाखरं टिपतील, मुंग्या लागतील, म्हणून ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तिची राखण केली. तयार झालेला कोसा असा टणक, की सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय धागा सुटत नाही. मग काही कोशांची टोकं एकत्र धरायची आणि उघड्या मांडीवर तळहाताने पीळ देत मधाच्या रंगाचं सूत काढायचं. या जुन्या रीतीत हे काम बायांचं. दिवसभर घासली जाणारी ती मांडी रात्री कशी ठणकत असेल? लिहिणाऱ्याला एवढा प्रश्न पडला, तर 'शोषण' हा शब्द त्याला कथेत घालावाच लागणार नाही.

कल्पनेला असं काहीतरी धरायला लागतं. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली (1960) कौतिक मनात घर करते ती तिच्या कष्टांनी आणि तिच्या वऱ्हाडी बोलण्याने. तिला पुण्याची भाषा दिली असती, तर ती कादंबरीतून उठून गेली असती.

आमच्या झाडीपट्टीतही, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागातही, बोलीची श्रीमंती आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या आणि दंडार या लोकनाट्याच्या अभ्यासात आयुष्य घातलं. तरी कितीतरी कथांत बोली म्हणजे 'ण'चा 'न' आणि 'श'चा 'स', एवढंच उरतं. सासूसमोर सून कोणतं वाक्य अर्ध्यात गिळते, व्यापाऱ्याशी बोलताना विणकराचा आवाज कुठे उतरतो, बोली तिथे ऐकावी लागते. त्याला वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. सूत काढणाऱ्या बाईजवळ जाऊन बसा, वही पिशवीतच राहू द्या. कथा लिहून झाली, की संपादकाकडे धाडण्याआधी त्या बाईला वाचून दाखवा. ती जिथे मान हलवून नाही म्हणेल, तिथून पुन्हा लिहा.