ताबा, देखरेख, नियंत्रण

भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी मशीन दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. मल्टिमीटर धाकट्या भावाकडे. बिलं, जीएसटी, विमा माझ्याकडे. कमर्शियल जनरल लायबिलिटी पॉलिसीचा हप्ता मी दरवर्षी वेळेत भरत आले. तुमच्या माणसाकडून कोणाचं नुकसान झालं तर कंपनी भरेल, असं एजंटने सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

जपानी कंट्रोल असलेल्या बऱ्याच मशीनच्या ड्राइव्हना थ्री-फेज 200 व्होल्ट लागतात. आपल्याकडे लाइनला 415 येतात, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवतात. एका कारखान्यातला असा ट्रान्सफॉर्मर रिवाइंड होऊन आला आणि तो जोडायला आमच्याकडे कामाला असलेला मुलगा गेला. जोडणीत तारा इकडच्या तिकडे झाल्या. मेन स्विच टाकताच ड्राइव्हला सरळ 415 गेले. पॉवर सप्लाय मॉड्यूल आणि सर्व्हो अ‍ॅम्प्लिफायर जागीच जळाले. नुकसान काही लाखांत.

मुलगा आयटीआय करून लातूरकडून आलेला, हाताला सफाई असलेला. "ताई, माझ्या पगारातून कापा," म्हणाला. शेजारच्या वर्कशॉपवाल्यांचाही सल्ला तोच. काही लाख त्याच्या पगारातून वसूल करायचे, म्हणजे पोराची उमेदीची वर्षं गहाण टाकायची. मी साफ नाही म्हटलं. कामावर असताना नोकराच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर मालकाला त्याची जबाबदारी घ्यावी लागते. शिवाय रोज मुलांना चालू पॅनेलसमोर उभं करतो ते आम्हीच.

मग पॉलिसीतले अपवाद वाचायला बसले. विमाधारकाच्या ताब्यात, देखरेखीखाली किंवा नियंत्रणात असलेल्या मालमत्तेचं नुकसान वगळलेलं. ज्या भागावर काम चालू आहे, तो भागही वगळलेला. आमच्या मुलाची शिडी निसटून शेजारच्या मशीनचा डिस्प्ले फुटला असता, तर विमा होता. ज्या मशीनसाठी आम्हाला बोलावलं होतं, त्याच्यासाठी नव्हता! विमा कंपन्यांची बाजू मला समजते. वाईट कामाचा खर्च कोणी विम्यावर ढकलू नये, म्हणून हा अपवाद आहे. पण दुरुस्ती हाच ज्याचा धंदा, त्याला पॉलिसी विकताना ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी. ती सांगितली जात नाही, याचा मला राग आहे.

आणखी एक अट होती. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही. आणि आमचा भाऊ जळक्या पॅनेलपाशी उभा राहूनच कारखानदाराला म्हणाला होता, "साहेब, काळजी करू नका, भरून देतो." विमा लागू असता, तर एवढ्या एका वाक्यावरून दावा अडला असता. शब्दावर चालणाऱ्या आमच्या धंद्यात ही अट पाळणं जिवावर येतं. तरी ती पाळता येते. काय झालं ते खरं सांगावं, जॉब कार्डवर लिहून द्यावं. पैशांचं बोलणं तेवढं विमा कंपनीची लेखी संमती मिळाल्यावर करावं.

कारखानदाराची स्वतःची मशिनरी ब्रेकडाउन पॉलिसी होती. त्यांना भरपाई मिळाली आणि आम्ही सुटलो असं वाटलं. काही महिन्यांनी त्यांच्या विमा कंपनीचं वसुलीचं पत्र आलं. भरपाई दिली की नुकसान करणाऱ्याकडून ती मागण्याचा मालकाचा हक्क विमा कंपनीकडे जातो; सब्रोगेशन म्हणतात त्याला. वकिलांनी 1872 चा करार कायदा उघडला. दुसऱ्याची वस्तू आपल्या हवाली असेल, तर साधा शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यायला हवी, असं त्याचं कलम 151 सांगतं. ट्रान्सफॉर्मरचं आउटपुट न मोजता ड्राइव्हला देणं त्यात बसत नाही, हे आम्हालाही दिसत होतं. तडजोड झाली, हप्ते ठरले, आम्ही ते फेडले. मुलाच्या पगाराला हात लावला नाही.

पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी मी एजंटला समोर बसवलं. काम चालू असलेल्या मशीनसाठी वेगळं एक्स्टेन्शन घेतलं. त्याची मर्यादा मूळ रकमेपेक्षा बरीच कमी आहे आणि सुरुवातीचा ठरावीक भाग आमच्याच खिशातून जातो. प्रोफेशनल इन्डेम्निटीही घेतली. तिच्यात दावा पॉलिसी चालू असताना यावा लागतो, म्हणून एकही वर्ष खंड पडू देत नाही. प्रस्तावाच्या फॉर्मवर 'इंजिनिअरिंग सेवा' असं मोघम न लिहिता 'ग्राहकाच्या जागेवर आणि आमच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी ड्राइव्ह दुरुस्ती' असं लिहिलं.

मशीन बंद राहून ग्राहकाचं उत्पादन बुडतं, ते मात्र आमच्या एक्स्टेन्शनमध्येही येत नाही. ऑटोमोबाइलचे सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात हा आकडा जळलेल्या ड्राइव्हपेक्षा मोठा होऊ शकतो. त्यासाठी आता कोटेशनमध्येच ओळ असते: उत्पादनाच्या नुकसानीची जबाबदारी आमची नाही. मोठे ग्राहक ती खोडतात आणि मग भाऊ माझ्याकडे बघतो. अशी दोन कामं आम्ही सोडली. एक घेतलं, कारण ते मशीन त्याच मुलाला सगळ्यात चांगलं माहीत होतं.