मासा मागणाऱ्या लेकराला

आम्हा किनारपट्टीवरच्या ख्रिस्ती माणसांचे माशाशी असलेले नाते केवळ जिभेचे नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करून आम्ही ताटात मासा घेतो आणि वर, ‘आमचा उपवास तुमच्या सणापेक्षा चविष्ट’ अशी स्वतःचीच थट्टा करून घेतो. छळाच्या काळात आदिख्रिस्ती लोकांनी आपल्या श्रद्धेची खूण म्हणून मासाच निवडला; कारण ‘इख्थिस’ या ग्रीक शब्दाच्या पाच अक्षरांत येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा ही सारी ओळख मावत होती. पुनरुत्थित प्रभूने तिबेरियाच्या काठी शिष्यांसाठी न्याहारी रांधली तीही निखाऱ्यावरच्या माशाची.

आणि लूकच्या शुभवर्तमानातला तो प्रश्न! मुलाने मासा मागितला असता त्याच्या हातावर साप ठेवील असा बाप तुमच्यात कोण आहे, असे प्रभू विचारतो. त्यावर मी कित्येकदा प्रवचन केले. असा बाप असूच शकत नाही, हे गृहीत धरून मी पुढे जात असे. अलीकडे मात्र हा उतारा वाचताना मी थबकतो. न कळत साप देणारे आईबाप असू शकतात, आणि ते ज्यांना कळलेले असते ती माणसे गप्प राहू शकतात. त्या गप्प राहणाऱ्यांत मी एकदा होतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी खाडीकाठच्या एका धर्मग्रामात होतो. एके सकाळी मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीतून बाहेर पडतो तो एक कोळीण मावशी पाटी घेऊन उभी. पाटीत बोय आणि निवटे होते. सगळे मेलेले, डोळे पांढरे पडलेले. ती म्हणाली, “फादर, रात्रीत खाडीला असे पांढरे झाले. पाण्याला वासही येतो. तुम्ही विचारा ना त्यांना.” ‘त्यांना’ म्हणजे कुणाला, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. खाडीच्या वरच्या अंगाला एक कारखाना होता. धर्मग्रामातली पंधरा-वीस मुले तिथे कामाला होती. चर्चच्या सभागृहाचे छप्पर त्याच वर्षी बदलले होते आणि देणगीदारांच्या यादीत कारखान्याचे नाव वरचे होते.

मी फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की पाणी शुद्ध करूनच सोडले जाते. मी आभार मानून फोन ठेवला. त्या रविवारच्या प्रवचनात खाडीविषयी दोन वाक्ये लिहिली होती, ती वाचताना गाळली. मासे कशाने मेले हे कधी तपासले गेले नाही. कारण ‘तपासा’ असे ज्याने म्हणायचे तोच सौजन्याने निरुत्तर झाला होता. मावशी पुन्हा पाटी घेऊन आली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मला सेमिनरीतला एक तास आठवला. आमच्या नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी एक छायाचित्र वर्गात फिरवले होते. अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी ते १९७१ साली जपानमध्ये टिपले होते. न्हाणीघरातल्या अंधुक उजेडात एक आई आपल्या वेड्यावाकड्या हातापायांच्या मुलीला मांडीवर घेऊन न्हाऊ घालते आहे. मिकेलांजेलोच्या ‘पिएता’ची आठवण आम्हा सर्वांनाच झाली. सरांनी गावाचे नाव सांगितले : मिनामाता. परीक्षेपुरते मी ते लक्षात ठेवले होते. खाडीच्या प्रसंगानंतर मात्र मी त्या गावाविषयी मिळेल ते वाचू लागलो.

क्यूशू बेटावर शिरानुई समुद्राच्या काठी मिनामाता वसले आहे. भात आणि मासा हेच तिथल्या कोळ्यांचे अन्न. तिथे चिस्सो नावाच्या कंपनीचा रासायनिक कारखाना होता. १९३२ पासून तेथे ॲसिटाल्डिहाइड तयार होऊ लागले. त्यासाठी पाऱ्याचे संयुग वापरले जाई आणि त्या क्रियेत मिथिल पारा नावाचे महाविष उपजे. ते सांडपाण्यातून उपसागरात जाई. सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत असे ते चढत जाई, आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढे. पाणी निर्मळ दिसे, मासा ताजा दिसे, चवीतही फरक नसे.

१९५० नंतर गावातली मांजरे वेड्यासारखी गरगर नाचू लागली आणि समुद्रात पडून मरू लागली. एप्रिल १९५६ मध्ये कारखान्याच्याच रुग्णालयात एका लहान मुलीला आणले गेले. तिला चालता येईना, बोलता येईना. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आली. रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी आरोग्य खात्याला कळविले की मज्जासंस्थेचा एक अज्ञात विकार पसरतो आहे. प्रथम लोकांना ती साथ वाटली. रोग्यांची घरे निर्जंतुक करण्यात आली, शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. ज्यांच्या ताटात विष पडले त्यांनाच बहिष्कार भोगावा लागला! कुष्ठरोग्यांची शुभवर्तमानातली वर्णने मला येथे आठवल्यावाचून राहत नाहीत.

त्याच वर्षाअखेर कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी माशांवाटे विषबाधा होत असल्याचे ओळखले आणि जुलै १९५९ मध्ये ते विष म्हणजे सेंद्रिय पारा आहे असे सांगितले. कंपनीने ते मानले नाही. इकडे डॉ. होसोकावा मांजरांवर स्वतंत्र प्रयोग करीत होते. चारशे क्रमांकाच्या मांजराच्या अन्नात त्यांनी थेट कारखान्याचे सांडपाणी मिसळले. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्या मांजराला तोच विकार जडला. पुराव्यासाठी आणखी काय हवे होते? परंतु कंपनीने प्रयोग थांबविण्यास सांगितले आणि निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. डॉक्टर गप्प राहिले. डिसेंबरात कंपनीने गाजावाजा करून पाणी शुद्ध करणारे यंत्र बसविले. विरघळलेला सेंद्रिय पारा काढणे हे त्या यंत्राचे कामच नव्हते. त्याच महिन्यात रोग्यांच्या कुटुंबांशी करार झाला : थोडे सांत्वनाचे पैसे घ्या, पुढे कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी अधिक काही मागू नका.

सांडपाणी आणखी साडेआठ वर्षे वाहत राहिले. १९६५ मध्ये नीगाता प्रांतात दुसऱ्या एका कारखान्यामुळे हाच विकार पुन्हा उद्भवला. जपान सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये, ती उत्पादनपद्धती बंद झाल्यानंतर.

याच काळात दुसऱ्या एका देशात माशाविषयी वेगळी कथा घडत होती. हॉलंडमध्ये हलके मीठ लावलेला कच्चा हेरिंग मासा आवडीने खातात. तो खाऊन काही जणांच्या पोटात असह्य कळा येऊ लागल्या. १९६० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की माशातल्या अनिसाकिस नावाच्या बारीक जंताची अळी आतड्यात शिरते. मासा पुरेसा गोठवला की जंत मरतो, हेही कळले. १९६८ मध्ये हेरिंग गोठवणे तेथे कायद्याने बंधनकारक झाले आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. (आपण कालवण चांगले उकळतो, म्हणून आपल्याला त्या जंताचे भय नाही.) तेच १९६८ साल! एकीकडे निदानानंतर आठ वर्षांत माणसे सुरक्षित झाली. दुसरीकडे तितक्याच काळात नवी बाळे विषासह जन्मली. पाऱ्याला ना उकळी मारते ना बर्फ. तो माशाच्या मांसात मुरलेला असतो. हा फरक खराच. परंतु मला अधिक खोल वाटतो तो फरक निराळा आहे : हॉलंडमध्ये जे कळले ते उच्चारले गेले.

वार म्हणजे बाळाची ढाल, आईच्या रक्तातले विष ती अडवते, असा वैद्यकाचा तोवर समज होता. मिनामातात तो खोटा ठरला. १९६२ मध्ये १६ मुलांना जन्मतःच हा विकार असल्याचे मान्य झाले. डॉ. मासाझुमी हाराडा यांनी आपले आयुष्य या मुलांसाठी वेचले. बाळाची वाळलेली नाळ डबीत जपून ठेवण्याची जपानी रीत आहे. त्या नाळा तपासल्या तेव्हा त्यांतही मिथिल पारा सापडला. मायेने जपलेली वस्तूच साक्षीदार झाली. छायाचित्रातली ती आई आपल्या मुलीला घरचे धन म्हणत असे. माझ्या पोटातले विष हिने स्वतःवर घेतले म्हणून मी आणि हिची भावंडे धड राहिलो, असे ती सांगे. दुसऱ्याचे विष आपल्यावर घेणारा तो निष्पाप देह पाहून कोणा ख्रिस्ती माणसाला क्रुसाची आठवण होणार नाही?

१९६९ मध्ये काही कुटुंबांनी न्यायालयात दाद मागितली. निवृत्त झालेले डॉ. होसोकावा तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. जुलै १९७० मध्ये रुग्णशय्येवरूनच त्यांनी साक्ष दिली. चारशे क्रमांकाच्या मांजराची हकिकत त्यांनी सांगितली, आपण कंपनीला ती कळविली होती हेही सांगितले. त्याच वर्षी ते वारले. मार्च १९७३ च्या निकालाने कंपनीला दोषी ठरविले आणि सांत्वनाच्या पैशांचा तो करार नीतीला धरून नाही म्हणून रद्द केला. सरकारने रोगी म्हणून मान्य केलेल्यांची संख्या पुढे २२०० वर गेली. वंचित राहिले ते वेगळे.

मी पापनिवेदन ऐकणारा माणूस आहे. अकरा वर्षांनी आलेल्या त्या कबुलीला मी कमी लेखणार नाही. पण अकरा वर्षे! सत्य सांगायला उशीर झाला की त्याचे व्याज दुसऱ्यांनाच भरावे लागते. पुस्तक मिटले की माझ्यासमोर मावशीची पाटी येई. डॉक्टरांना निदान नोकरीची सक्ती होती. मला केवळ छपराची भीड होती.

गेल्या उपवासकाळात मी त्या गावी गेलो. मावशी आता थकली आहे, पण जाळे शिवते. मी म्हणालो, “मावशी, त्या दिवशी मी बोलायला हवे होते. मला क्षमा करा.” ती जाळ्यावरून नजर न काढता म्हणाली, “तुम्ही बोलून खाडी लगेच साफ नसती झाली, फादर. पण आमच्या बाजूने एक माणूस आहे, एवढे तरी कळले असते.” मग तिने सुनेला हाक मारून माझे ताट वाढायला सांगितले.

मी आमच्या सध्याच्या धर्मग्रामाच्या बैठकीत हा विषय मांडला तेव्हा एकाने विचारले, “फादर, हे चर्चचे काम आहे का?” दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात सोन्याच्या खाणींतून पसरणाऱ्या पाऱ्याचाही उल्लेख केला आहे, एवढे मी सांगितले. मिनामाताच्या नावाने झालेला पाराविषयक आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून अमलात आहे आणि २०१८ मध्ये भारतानेही तो स्वीकारला आहे, हेही सांगितले. शेवटी आमच्या महिला मंडळाने पाण्याची आणि माशांची तपासणी व्हावी असा अर्ज लिहिला. त्यावर पहिली सही माझी आहे. ती करताना हात थोडा कापला, हे कबूल करतो.

कुणी मासे सोडावेत असे मी म्हणत नाही. तारली, मांदेली, बांगडा यांसारख्या लहान, लवकर वाढणाऱ्या माशांत पारा फार कमी साठतो. मुशी किंवा तलवार मासा यांसारखे मोठे शिकारी मासे गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांनी टाळावेत, इतके शास्त्र आपल्या स्वयंपाकघरात आले तरी पुष्कळ आहे. बाकीचे काम स्वयंपाकघराबाहेरचे आहे. आई तव्यावर मासा टाकते तेव्हा ती खाडीवर, कारखान्यावर, डॉक्टरवर आणि आपल्या धर्मगुरूवरही विश्वास टाकत असते.

त्या दुपारी मावशीच्या ओट्यावर मी बोंबलाचे कालवण आणि तांदळाची भाकरी खाल्ली. समोर तिची नात बसली होती. तिने हात पुढे करून आजीकडे आणखी एक तुकडी मागितली, आणि आजीने काटा काढून ती तिच्या हातावर ठेवली.